चिंग भट्टीतील मिंग शैली

जिज्ञासू : निळ्या-पांढऱ्या चिनी पोर्सेलीनच्या संग्रहांत ‘चिंग काळातील, परंतु मिंग शैलीचे’ असे वर्णन आढळते; या भांड्यांना बनावट म्हणायचे का?

अभ्यासक : मुळीच नाही. जिंगदेझेन येथील शाही भट्ट्यांत चिंग राजवटीतील योंगझेंग सम्राटाच्या कारकिर्दीत (१७२३–१७३५) मिंग सम्राट शुआंदे याच्या काळातील (१४२६–१४३५) शैलीची भांडी घडवली जात, आणि त्यांतील कित्येकांच्या तळावर योंगझेंगचीच मुद्रा, म्हणजे निर्मितीचा काळ सांगणारा सहा अक्षरांचा लेख, उघडपणे घातलेली असे. १७२८ मध्ये तेथे आलेला अधिकारी तांग यिंग याने १७३५ मध्ये भट्ट्यांतील प्रकारांची जी नोंद केली, तीत जुन्या शैलींच्या अनुकरणांना मानाचे स्थान आहे.

जिज्ञासू : शुआंदे काळातील निळ्या रंगाचे एवढे आकर्षण कशामुळे?

अभ्यासक : कच्च्या भांड्यावर कोबाल्टने चित्र काढून, त्यावर झिलईचा, म्हणजे काचेसारखा पारदर्शक थर देऊन ते सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजण्याची रीत दोन्ही काळांत सारखीच होती, वेगळा होता तो कोबाल्ट. मिंग काळाच्या आरंभी पश्चिम आशियातून येणाऱ्या कोबाल्टमध्ये लोहाचे प्रमाण अधिक असल्याने रंग जेथे दाट साचे तेथे काळपट, किंचित धातूसारखी चमक असलेले ठिपके उमटत.

जिज्ञासू : म्हणजे तो दोषच झाला.

अभ्यासक : तांत्रिक दृष्टीने दोषच, परंतु तीन शतकांनंतरच्या रसिकांना त्यातच सौंदर्य दिसले, आणि चिंग काळातील कोबाल्टमधून ते ठिपके आपोआप उमटत नसल्याने चित्रकार कमळाची वेल रंगवताना कुंचल्याच्या टोकाने गडद ठिपके मुद्दाम टेकवू लागले.

जिज्ञासू : मग दोहोंतील फरक कसा ओळखावा?

अभ्यासक : मूळ ठिपके लहानमोठे व विस्कळीत असतात आणि काही ठिकाणी झिलईवर बोट फिरवले तर खळगा जाणवतो, नंतरचे ठिपके पाकळीच्या कडेला, पानाच्या टोकाला शिस्तीत बसलेले दिसतात. ही शिस्त उणेपणाची नव्हे, तर जुन्या कामाचा बारकाईने अभ्यास केलेल्या हाताची खूण आहे. मुद्रा मात्र एकटी विश्वासार्ह नाही, कारण चिंग सम्राट कांगशी याच्या काळातील (१६६२–१७२२) कित्येक भांड्यांवर मिंग सम्राट चेंगहुआची, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कित्येक भांड्यांवर खुद्द कांगशीची मुद्रा आढळते. म्हणून पारख करताना आधी ठिपके पाहावेत, तळ नंतर उलटावा.