वक्तृत्व : आवाज आणि आशय

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण सादर करण्यास उभा राहिलेला विद्यार्थी बहुधा पहिल्याच वाक्याला आवाज टिपेला नेतो. टाळ्या पडतात, पालक सुखावतात. ज्यांच्या आजोबांना चावडीसमोर तोंड उघडण्याची मुभा नव्हती, त्या मुलांना मोठ्याने बोलावेसे वाटावे हे आम्ही समजू शकतो. तथापि बाबासाहेबांच्या वक्तृत्वाचे सामर्थ्य चढ्या आवाजात नव्हते. संविधान सभेतील त्यांची दोन भाषणे शेजारी ठेवून वाचली म्हणजे हे ध्यानात येते.

पहिले १७ डिसेंबर १९४६ चे. पंडित नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू असताना अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी बाबासाहेबांना अनपेक्षितपणे पाचारण केले. तयारीला अवधी मिळाला नाही, हे त्यांनी भाषणातच सांगितले. सभागृहात काँग्रेसचे प्रचंड बहुमत, आणि बाबासाहेब बंगालमधून निवडून आलेले. आपण परस्परांशी झुंजणाऱ्या छावण्यांत विभागलो आहोत, हे त्यांनी मान्य केले. इतकेच नव्हे, तर अशा एका छावणीच्या पुढाऱ्यांपैकी आपणही एक असू, अशी कबुली दिली. त्यानंतरच, हा देश एक झाल्यावाचून राहणार नाही, हा विश्वास प्रकट केला. हा क्रम विद्यार्थ्याने नीट पाहावा. श्रोत्यांच्या मनातील आक्षेप वक्त्यानेच उच्चारला, की त्यांच्या हाती शस्त्र उरत नाही.

दुसरे २५ नोव्हेंबर १९४९ चे. त्याच्या आरंभी हिशेब आहे : संविधान सभेच्या पहिल्या बैठकीपासून २ वर्षे, ११ महिने व १७ दिवस; मसुद्याला सुचविलेल्या दुरुस्त्या सुमारे ७,६३५, प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या २,४७३. स्पर्धेसाठी भाषण आटोपशीर करणारे नेमका हाच भाग कापतात. आमच्या मते तो कापू नये. केलेल्या कामाचा असा चोख हिशेब देणाऱ्यालाच पुढे राष्ट्राला इशारे देण्याचा अधिकार पोहोचतो. शेवटचा इशारा सर्वांत कठोर : २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार, राजकारणात समता, सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. येथे आवाज खाली आणावा. ‘समता’ उच्चारल्यावर क्षणभर थांबावे, मग ‘विषमता’ म्हणावे. हातवारे मुळीच नकोत. (ध्वनिक्षेपक समोर असताना ओरडण्याचे प्रयोजन तरी काय?)

पाठांतरापूर्वी आम्ही विद्यार्थ्याला हा उतारा त्याच्या घरच्या बोलीत सांगावयास लावतो. ‘विसंगती’ या शब्दापाशी पुष्कळजण अडतात. मग आम्ही विचारतो : मतदानाच्या रांगेत एकामागे एक उभे राहणारे दोघे, सायंकाळी गावच्या पाणवठ्यावर कसे उभे राहतात? मुले थोडा वेळ गप्प होतात. नंतर जे बोलतात, ते त्यांच्या स्वतःच्या आवाजात बोलतात, आणि पाठांतर आम्ही तेथून सुरू करतो.