शिक्षेचें माप

शास्त्रपाठ : अनुवाद २५:१-३, प्रेषितांचीं कृत्यें २४:२२-२७, इब्री १३:३

तुरुंगांत असलेल्या मनुष्याच्या घरीं आम्ही प्रार्थनेस जातों, तेव्हां त्याची आई बहुधा एकच प्रश्न विचारते : "पाळकसाहेब, तो केव्हां सुटेल?" मुदत ठरलेली असली तर उत्तर देतां येतें. पण मुदतच नसेल तर?

इंग्लंड व वेल्स येथें २००३ सालीं अशा शिक्षेचा कायदा झाला व २००५ च्या एप्रिलांत तो अमलांत आला. हेतु वाईट नव्हता. जे सुटतांच पुन्हां घोर अपराध करितील अशांपासून लोकांचें रक्षण व्हावें, हाच तो हेतु. न्यायाधीशानें किमान मुदत सांगावी. ती भरल्यावर, आतां याचें भय नाहीं अशी पॅरोल मंडळाची खातरी होईल तेव्हांच कैद्यास सोडावें. तोंपर्यंत कितीहि वर्षें जावोत.

असे कैदी सुमारें ९०० वाढतील असा सरकारी अंदाज होता. प्रत्यक्षांत ८,७०० हून अधिक जणांस ही शिक्षा झाली. कित्येकांची किमान मुदत दोन वर्षांहूनहि कमी होती. आपण सुधारलों हें दाखविण्यासाठीं जे शिक्षणवर्ग पुरे करावयाचे, ते पुष्कळांस मिळालेच नाहींत. किल्ली आणल्यावांचून दार उघडणार नाहीं असें सांगावें, आणि किल्ली आपणच दडवून ठेवावी, तसें हें झालें. २०१२ सालीं स्ट्रासबर्ग येथील युरोपियन मानवी हक्क न्यायालयानें तिघां कैद्यांच्या प्रकरणीं सरकारास दोष दिला. त्याच सालीं ही शिक्षा बंद झाली. परंतु आधींच शिक्षा झालेल्यांस ती तशीच राहिली. २०२४ च्या अखेरीस, एकदांहि न सुटलेले हजाराहून अधिक कैदी उरले होते. कित्येकांनीं निराशेनें जीव दिला. ज्यांच्या कारकीर्दींत कायदा झाला त्या डेव्हिड ब्लंकेट यांनींहि पुढें उघड खेद दर्शविला.

यावरून आम्ही तीन गोष्टी शिकतों.

१. दंड करणें हें पाप नव्हे. अधिकारी दुष्कर्म्यास आळा घालितो तो देवाचा सेवक म्हणून, असें रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायांत सांगितलें आहे. जिच्यावर जुलूम झाला तिचें भय खरें आहे. अपराध्याची कींव करितांना तिला विसरणें ही प्रीति नव्हे.

२. दंडास माप असावें. नियमशास्त्रांत फटके न्यायाधीशासमोर, अपराधाच्या मानानें व मोजून मारावयाचे. चाळिसांची मर्यादा ओलांडावयाची नाहीं. कारण दोषी ठरलेला मनुष्यहि तेथें भाऊच आहे. पुढच्या भयास्तव कोणास अधिक काळ ठेवणें भागच असेल, तर ठेवणारानें त्यास सुधारण्याचें साधन द्यावें व त्याची चौकशी वेळोवेळीं करावी.

३. निकाल टांगून ठेवणें हाहि अन्याय आहे. पौल निर्दोष होता, हे कैदी तसे नव्हते, हा भेद खरा. तथापि फेलिक्सानें दोन वर्षें निर्णय दिला नाहीं व जातांना त्यास बंधनांतच ठेविलें, हा दोष शास्त्रांत नोंदलेला आहे.

आपल्या खेड्यांत "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षें" अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. जन्मठेप म्हणजे आयुष्यभर, सरकारनें सूट दिली तरच कमी, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९६१ चा निर्णय आहे. ज्या गुन्ह्यास मृत्युदंडहि सांगितला आहे अशा गुन्ह्याबद्दल जन्मठेप झाली असेल, तर १९७८ पासून कायद्यानें चौदा वर्षांपूर्वीं सुटका होत नाहीं. चौदा वर्षांनीं ती होईलच असें मात्र नाहीं. म्हणून उपदेशक बंधूंनो, त्या आईस खोटी आशा देऊं नका. खरें तें सांगा, अर्ज लिहिण्यास साह्य करा, आणि भेटीस जाण्याचें सोडूं नका.

वर्गासाठीं प्रश्न : सुटून आलेल्या मनुष्यास आपली मंडळी पंगतीस घेईल काय? ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या घरीं आपण कितीदां गेलों?

प्रार्थनेचा विषय : बंदिवान, त्यांचीं कुटुंबें, पीडित जन व न्यायाधीश.