पोलादी जाळीची पेट्रोल-नळी

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. शाळेंत असतांना हा वह्यांच्या पाठीमागें मोटारींचीं चित्रें काढीत असे. आतां त्यानें खरोखरीच एक जुनी मोटार घेऊन तिचें इंजिन अधिक जोरकस करविलें आहे, व सुटीच्या दिवशीं ती तो शर्यतींत पळवितो. त्याची अडचण अशी होती कीं, रोज सकाळीं मोटारीच्या खोलीचें दार उघडतांच पेट्रोलचा वास येई. परंतु शोधूनहि कोठें थेंब सांपडत नसे. त्या खोलीस लागूनच त्याच्या आईचें स्वयंपाकघर, आणि मध्यें एक झरोका. "सर, नळी तर पोलादाची आहे, मुद्दाम महागाची घातली. ती गळेल कशी?" असें त्यानें आम्हांस विचारलें. ह्या प्रश्नांतच सारी चूक भरलेली होती. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांसहि अशा नळ्यांचा मोह पडलेला आम्ही पाहतों; म्हणून तो विषय येथें थोडक्यांत मांडतों.

विद्यार्थिमित्रांनो, बाहेरून दिसणारी चकचकीत जाळी हा नळीचा केवळ अंगरखा आहे. पेट्रोल अडवितें तें आंतील अस्तर. जाळीचें काम दोन प्रकारचें : आंतील दाबानें अस्तर फुगूं न देणें, आणि बाहेरच्या घर्षणापासून त्याचें रक्षण करणें. दाबाखालीं असलेल्या नळीच्या भिंतीवर घेराच्या दिशेनें जो ताण येतो, तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या बरोबर दुप्पट असतो. म्हणून जाळीच्या तारा नळीच्या अक्षाशीं असा कोन करून विणाव्या लागतात कीं, त्या कोनाच्या स्पर्शज्येचा वर्ग २ यावा. हा कोन सुमारें ५४.७ अंशांचा होतो. कोन याहून लहान असल्यास दाब चढतांच नळी आंखडते, मोठा असल्यास लांबते. त्रिकोणमितीचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांनीं हें एकदां स्वतः मांडून पाहावें.

आतां अस्तराकडे वळूं. बाजारांत जाळीच्या ज्या नळ्या मिळतात त्यांपैकीं पुष्कळांत आंत कृत्रिम रबर असतें, आणि कांहींत टेफ्लॉन. बाहेरून दोन्हींचें रूप जवळजवळ एकच. रबराचें अस्तर लवचीक असतें, तें सहज वळतें व स्वस्तहि पडतें. परंतु साध्या रबरांतून पेट्रोलची वाफ हळूहळू पार होते. द्रव गळत नाहीं, वास मात्र येतो. शिवाय कांहीं वर्षांनीं तें रबर कडक होऊन त्यास भेगा पडतात. उघडी रबरी नळी बोटांनीं दाबली कीं तिचें वय कळतें. जाळीखालचें रबर कोणास दिसत नाहीं व दाबूनहि समजत नाहीं. त्यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. २०२३ पासून आपल्या देशांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें. ह्या इथेनॉलचा बराच भाग आपल्याच उसाच्या मळ्यांतून व साखर कारखान्यांतून येतो, हें अनेक पालकांस ठाऊक असेलच. जुन्या जातीच्या रबरास इथेनॉल मानवत नाहीं. तें फुगतें, मऊ पडतें, किंवा त्याचे कण सुटून पुढें जातात.

टेफ्लॉनचा शोध १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट ह्या रसायनशास्त्रज्ञास अकल्पितपणें लागला. पेट्रोल व इथेनॉल ह्या दोहोंचाहि त्यावर परिणाम होत नाहीं, आणि वाफ त्यांतून फारच थोडी जाते. दोष एवढाच कीं, तें ताठ असतें. जोरानें वांकविल्यास त्यास मुरड पडते, व एकदां मुरड पडलेली नळी टाकूनच द्यावी लागते. तसेंच टेफ्लॉन हें विजेचें दुर्वाहक. वेगानें वाहणाऱ्या पेट्रोलमुळें त्यावर स्थिर विद्युत् साठते, आणि ती जाळीकडे उडी घेतांना अस्तरास सुईएवढें छिद्र पाडूं शकते. याकरितां आंतून कार्बन मिसळलेलें, विद्युत् वाहून नेणारें अस्तर असलेली नळीच पेट्रोलसाठीं मागून घ्यावी.

नळीच्या मापाविषयीं मोठा घोटाळा होतो. अमेरिकेच्या लष्करानें व आरमारानें मिळून विमानांच्या जोडांसाठीं जें मापन ठरविलें, तेंच 'ए. एन.' ह्या नांवानें शर्यतीच्या मोटारींत रूढ झालें. त्यांतील अंक म्हणजे इंचाचे सोळावे भाग; ६ क्रमांक म्हणजे ६/१६, अर्थात् ३/८ इंच. परंतु हें माप त्या जोडाशीं जुळणाऱ्या धातूच्या नळीच्या बाहेरील व्यासाचें असतें. जाळीच्या नळीचें आंतील छिद्र त्याहून कांहींसें लहान असतें. ६ वरून ८ वर गेल्यास व्यास सवापटीहून थोडा अधिक होतो, पण छिद्राचें क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून अधिक वाढतें. बहुतेक मोटारींस ६ क्रमांक पुरतो. उगाच जाड नळी घालण्यांत पैशाचा व जागेचा अपव्यय होतो. ह्या जोडांचा उतरता कांठ ३७ अंशांचा असतो. दुकानांत मिळणारे दुसरे कांहीं जोड ४५ अंशांचे असतात. आटे बसले तरी कांठ जुळत नाहींत, मग कितीहि आवळलें तरी गळती राहते. तेथें आट्यांवर फीत गुंडाळण्याचा कांहींहि उपयोग नाहीं, कारण तेथें आटे पेट्रोल अडवीत नसून तो कांठ अडवितो.

जोड बसवितांना घाई करूं नये. कापावयाच्या जागीं चिकट फीत घट्ट गुंडाळून, बारीक दांत्यांच्या करवतीनें नळी काटकोनांत कापावी, म्हणजे तारा पिंजारत नाहींत. आंतील चुरा पूर्ण धुऊन काढावा. टेफ्लॉनच्या नळीसाठीं जोड वेगळे असतात, त्यांत अस्तर व जाळी यांच्यामध्यें एक लहान कडी बसवितात. जाळीची एक जरी तार त्या कडीखालीं सांपडली तरी जोड गळतो. आट्यांस तेलाचा थेंब लावून, व्हाइसच्या जबड्यांस मऊ ॲल्युमिनियमचे तुकडे लावून जोड फिरवावा. आधीं नळीवर खूण करून ठेवावी. फिरवितांना नळी मागें सरकली तर त्या खुणेवरून कळतें.

नळी नेण्याची वाट ठरवितांना तापलेल्या धुराड्याच्या नळापासून दूर राहावें, तिला पीळ पडूं देऊं नये, आणि इंजिन हलतें म्हणून थोडी ढील ठेवावी. जाळी ही कानशीसारखी असते. जेथें घासेल तेथें रंग, ॲल्युमिनियम, विजेच्या तारांचें वेष्टण, सर्व कांहीं कापीत जाते. बॅटरीच्या तारेपर्यंत ती पोहोंचली तर ठिणगी आणि पेट्रोल एकाच जागीं येतात. म्हणून रबर लावलेल्या पकडींनीं ती ठिकठिकाणीं बांधावी, व पत्र्याच्या भोंकांतून नेतांना रबरी कडें घालावें.

पेट्रोल सोडण्यापूर्वीं नव्या नळीचें एक टोंक बंद करून तींत हवा भरावी व ती पाण्यांत बुडवावी. बुडबुडे आपण होऊनच दोष सांगतात. कार्ब्युरेटरच्या मोटारींत दाब दर चौरस इंचास ४ ते ७ पौंड असतो, पण इंधन फवारणाऱ्या यंत्रांत तो ४० ते ६० पौंडांपर्यंत जातो. तेथें बारीक गळतीचीहि पिचकारी होते. रोजच्या वापरांतील मोटारीस कारखान्यानें दिलेली साधी नळीच वेळेवर बदलीत राहणें आमच्या मतें अधिक शहाणपणाचें. पालकांनीं मुलाचा हट्ट पुरवितांना हें लक्षांत ठेवावें.

आमच्या विद्यार्थ्याची नळी आम्ही दोघांनीं मिळून, मोटार अंगणांत ढकलून नेऊन, काढली व उभी चिरली. बाहेरून ती नव्यासारखी चकाकत होती. आंतील रबरास इतक्या भेगा पडल्या होत्या कीं, नखानें त्याचे तुकडे निघत. त्यानें टेफ्लॉनची नळी बसविली, आणि आठवड्याभरानें त्याच्या आईनें स्वयंपाकघराचा झरोका पुन्हां उघडला. जुन्या नळीचा तुकडा आम्हीं विज्ञानाच्या कपाटांत, दुसऱ्या फळीवर ठेविला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें.