आरोग्य पाठ : केस गळतात? तेलाच्या आधी रक्त तपासा



एका बैठकीत हिशोब, बचत, परतफेड सगळं झालं आणि सतरंजी आवरायच्या वेळी एका ताईने डोक्यावरचा पदर मागे सारला. म्हणाली, "बघा बरं, भांग किती रुंद झाला माझा." तिचं बघून दुसरी बोलली, मग तिसरी. शेवटी कळलं की एकीने गटातून घेतलेल्या कर्जातले पैसे मोबाईलवरच्या जाहिरातीतल्या तेलात घातले. घरात सांगितलं नाही, गटातही नाही. तेल संपलं, केस गळायचे थांबले नाहीत, हप्ता मात्र सुरूच.

केस गळणं हे आपल्याकडं लाजेचं दुखणं आहे. म्हणून आजचा पाठ केसांवर.

शेजारच्या जिल्ह्यात काय झालं?

आपल्या जाफराबाद तालुक्याला लागूनच बुलढाणा जिल्हा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींचं माहेर तिकडचं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळायला लागले. आधी डोक्याला खाज, मग केसांना हात लावला की पुंजकाच हातात. तीन-चार दिवसांत काहींना टक्कल पडलं. बायका, पुरुष, लेकरं, कॉलेजच्या पोरी, कोणीच सुटलं नाही. बाधितांचा आकडा अडीचशेच्या वर गेला. काहींनी लाजेपायी डोकंच भादरून घेतलं. पोरी कॉलेजला जाईनात, जमत आलेली लग्नं अडली.

आधी संशय पाण्यावर गेला. कोणी साबण-शाम्पूला दोष दिला, कोणी बुरशीला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने घेतले गेले. याच काळात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही गावांत जाऊन अभ्यास केला. हे आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जातात, पद्मश्री मिळालेले डॉक्टर. त्यांना बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम नावाचं खनिज नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त सापडलं आणि जस्त कमी आढळलं. हे सेलेनियम बाहेरच्या राज्यातून आलेल्या रेशनच्या गव्हातून पोटात गेलं असावं, असं त्यांनी मांडलं. त्या निष्कर्षावर पुष्कळ चर्चा झाली. पुढे काही महिन्यांनी त्याच भागात काहींची नखंही गळाली. सेलेनियम जास्त झालं की केस आणि नखं दोन्हींवर परिणाम होतो. चांगली गोष्ट ही की अनेकांचे केस पुढे परत आले.

सेलेनियम हे काही मुळात विष नाही. शरीराला ते लागतंच, पण किती? दिवसाला मिठाच्या एका बारीक कणाएवढं. कमी पडलं तरी त्रास, जास्त झालं तरी त्रास.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, केसाचं मूळ डोक्यावर असलं तरी दुखण्याचं मूळ बऱ्याचदा पोटात आणि रक्तात असतं. दुसरी, गावात एकाच वेळी अनेकांचे केस गळायला लागले तर लपवायचं नाही, लगेच आशाताईला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. आणि हो, हे वाचून रेशनचा गहू टाकून देऊ नका. सगळ्या गव्हाला दोष नाही. फक्त ताटात ज्वारी, बाजरी, गहू, डाळी आलटून पालटून असू द्या.

किती केस गळणं साधं?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग थांबतो, गळतो आणि त्या जागी नवा येतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणं साधं आहे. आठ दिवसांनी डोकं धुतलं तर एकदम जास्त दिसतात, घाबरू नका.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरा आणि मुळापासून टोकापर्यंत हळू ओढा. पाच-सहांहून जास्त केस हातात आले तर तपासणी करा.

आपल्या बायकांचे केस का गळतात?

*रक्त कमी असणं.* राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी पडलं की शरीर आधी काळजाला, मेंदूला पुरवतं. केसाचा नंबर शेवटचा. जोडीला धाप लागणं, थकवा, चक्कर, माती किंवा खडू खावासा वाटणं असेल तर रक्त तपासाच. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर त्याचाही इलाज करावा लागतो, नाहीतर गोळ्या खाऊनही रक्त टिकत नाही.

*बाळंतपण.* बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस झपाट्याने गळतात. सासू म्हणते, बाळ हसायला लागलं की केस जातात. वेळ बरोबर आहे, पण बाळाच्या हसण्याचा दोष नाही. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात ते एकदम गळतात. सहा महिने ते वर्षभरात बहुतेक जणींचे परत येतात.

*मोठा ताप किंवा धक्का.* टायफॉईड, डेंग्यू, ऑपरेशन, घरातला मृत्यू यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. तोवर आपण ताप विसरलेलो असतो आणि दोष पाण्याला देतो.

*थायरॉईड.* वजन वाढणं, थंडी सोसत नसणं, पाळी बिघडणं, सुस्ती ही लक्षणं सोबत असतील तर ही तपासणी करा.

*भांग रुंद होणं.* वयाप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे केस बारीक होऊन मधला भाग विरळ होतो. तरुण मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, पुरळ असेल तर अंडाशयाच्या गाठींचा त्रास असू शकतो.

*चाई.* रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडतो. तो संसर्गाने होत नाही. चाई झालेल्या लेकराला वेगळं बसवू नका. पण चट्ट्यावर खवले, खाज, तुटके केस असतील तर ती बुरशी असते. ती एकाची दुसऱ्याला लागते आणि तिला पोटातून औषध लागतं.

*ओढून बांधणं.* रोज घट्ट अंबाडा किंवा वेणी घातली की कपाळाकडचे केस उपटले जातात. वेणी सैल घाला.

*उपवास आणि शेवटी जेवणं.* केस प्रथिनांचा बनतो. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, वरून आठवड्याचे उपवास. मग केसाला माल कुठून मिळणार?

इलाज काय?

पहिली पायरी हिमोग्लोबिन तपासणी. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. १२ च्या खाली असेल तर रक्त कमी समजा. रक्त कमी असल्यावर लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्या रोज घ्याव्या लागतात. आकडा बरोबर आला तरी पुढे साधारण तीन महिने, साठा भरेपर्यंत. शौचाला काळं होतं, त्याला भ्यायचं नाही. गोळी चहासोबत घेऊ नका, मध्ये निदान एक तास जाऊ द्या. लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत घेतली तर लोह चांगलं लागतं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. जंताची गोळीही विचारून घ्या.

ताटात रोज डाळ किंवा मोड आलेली मटकी, पालेभाजी, शेवग्याचा पाला, बाजरी, तीळ, शेंगदाणे ठेवा. खात असाल तर अंडी, मासे, मटण. अळीव फक्त बाळंतिणीचे नाहीत, तुम्हीही खा.

थायरॉईडची तपासणी आणि त्वचारोगाचे डॉक्टर यांसाठी जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. भांग रुंद होण्यावर मिनॉक्सिडिल नावाचं लावायचं औषध आहे. सुरुवातीला त्याने केस थोडे जास्तच गळतात, चार-सहा महिन्यांनी फरक दिसतो आणि सोडलं की फायदा जातो. म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने ते लावू नये.

तेलाचं काय? तेलाने केस मऊ राहतात, तुटत कमी. पण कमी झालेलं रक्त तेलाने भरत नाही. "पंधरा दिवसांत केस" असं कोणी म्हणालं तर हात जोडा. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, पंधरा दिवसांत दिसणार तरी किती? केसांच्या ताकदीच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत सेलेनियम असतं. ते जास्त झालं की काय होतं, ते वर वाचलंतच.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

तीन-चार दिवसांत पुंजक्याने केस गेले, डोक्यात पू किंवा जखमा झाल्या, भुवया किंवा नखंही गळायला लागली, किंवा घरात दोघा-तिघांना एकदम त्रास झाला तर.

पुढच्या बैठकीत हे करा

१. आशाताईला बोलावून सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासायचं ठरवा. आकडा ज्याचा त्याने आपल्या वहीत लिहावा.

२. गेल्या वर्षभरात तेल, शाम्पू, गोळ्यांवर किती पैसे गेले याची प्रत्येकीने मनातल्या मनात बेरीज करावी. सांगायची सक्ती नाही.

३. गळलेल्या केसांवरून कोणाला हसायचं नाही, हे गटात बोलून ठरवा. ज्या पोरीचं लग्न ठरायचं आहे तिच्याबाबत तर नक्कीच.

त्या पहिल्या ताईची नंतर तपासणी झाली. हिमोग्लोबिन निघालं ८. दोन वर्षं ती केसांना तेल लावत होती, आणि धाप लागते हे कोणाला सांगतच नव्हती. आता गोळ्या सुरू आहेत. केस यायला वेळ लागेल, पण डोक्यावर घागर घेऊन ती आता न थांबता घरापर्यंत येते.