पद्मिनी किती वेगाने धावेल?

मालवणात एसटीची वाट पाहताना गाड्यांच्या गप्पा निघाल्या की एखादे मामा हमखास म्हणतात, "अरे, माजी पद्मिनी फोंड्याच्या घाटात एकशेसाठान गेल्ली!" मामांना खोटे कसे म्हणायचे? पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक वाट मोकळी असते : हिशेब करून पाहणे.

मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने तयार केलेली ही गाडी म्हणजे मुळातली फियाट ११००. १९७० च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती.

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणून इंजिनाची शक्ती सुमारे ३०,००० वॉट होते. गिअर, दांडे, बेअरिंगे यांत काही शक्ती खर्च होते. चाकांपर्यंत ८० टक्के पोहोचते असे धरू, म्हणजे २४,००० वॉट.

आता गाडीला मागे ओढणारी बले पाहू. पहिले, चाके रस्त्यावर फिरताना होणारा रोध. तो गाडीच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का असतो. दोन माणसांसह गाडीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम धरले, तर हा रोध सुमारे १५० न्यूटन येतो. वेग वाढला तरी तो फारसा वाढत नाही.

दुसरे बल हवेचे. चिवल्याच्या किनाऱ्यावर समोरून वारा असताना सायकल चालवणाऱ्याला ते शिकवावे लागत नाही! हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सूत्र असे : रोध = १/२ × हवेची घनता × आकाराचा गुणांक × समोरचे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग. घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर घेऊ. पद्मिनीची रुंदी व उंची प्रत्येकी दीड मीटरच्या किंचित आत आहे. गोलाई आणि चाकांमधली मोकळी जागा वजा करून क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर धरू. अशा जुन्या, चौकोनी बांध्याच्या गाडीसाठी गुणांक ०.५ मानू. मग हवेचा रोध = ०.५४ × वेगाचा वर्ग (न्यूटन). वेग मात्र मीटर प्रति सेकंदात हवा.

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. चाकांवरची सगळी शक्ती रोधांवर मात करण्यातच संपली, की वेग वाढणे थांबते. तोच कमाल वेग. किमती घालून पाहा :

वेग ३० असताना लागणारी शक्ती १९,०८० वॉट,
वेग ३३ असताना सुमारे २४,४०० वॉट,
वेग ३६ असताना सुमारे ३०,६०० वॉट.

आपल्याजवळ आहेत २४,०००. म्हणजे वेग ३३ च्या किंचित खाली, ताशी सुमारे ११८ किलोमीटर.

आणि १६० चे काय? तो वेग सेकंदाला ४४.४ मीटर. एकूण रोध १२१५ न्यूटन, शक्ती ५४,००० वॉट. इंजिन हवे सुमारे ९० अश्वशक्तीचे! घाटात विसास एक असा सरळ उतार मिळाला असे मानले, तरी उताराची मदत ४९० न्यूटनचीच. मग उरलेल्या ७२५ न्यूटनसाठी ३२,००० वॉट लागतील. तेही नाहीत. तेव्हा मामांनी पाहिलेला काटा जरा उत्साही असावा.

"पण तुमची गृहीते चुकली तर?" असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न योग्यच आहे. हवेचा गुणांक १० टक्क्यांनी कमी धरला, तरी वेग जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो. कारण मोठ्या वेगाला लागणारी शक्ती जवळजवळ वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच शक्ती दुप्पट केली, तरी वेग सव्वापटच होतो. अमेरिकेतील १९६९ सालच्या डॉज चार्जर गाडीचे मोठे इंजिन ३७५ अश्वशक्तीचे होते. शक्ती पद्मिनीच्या नऊपटींहून अधिक, पण घनमुळाच्या हिशेबाने वेग दुपटीच्या आसपासच!

आता सर्वांत महत्त्वाचे. कोरड्या रस्त्यावर घर्षणगुणांक ०.७ आणि चालकाला भान येण्यास एक सेकंद धरला, तर ताशी ६० ला गाडी थांबण्यास सुमारे ३७ मीटर लागतात. ताशी ११८ ला सुमारे ११० मीटर. वेग दुप्पट, अंतर तिप्पट! पावसाळ्यातल्या ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते. वळणापलीकडे गुरे उभी आहेत की शाळेतून परतणारी मुले, हे ११० मीटरवरून दिसत नाही.

करून पाहा : वहीच्या कागदाचे पाच सारखे शंकू करा. एक सुटा ठेवा, चार एकात एक बसवा. उंचावरून दोन्ही एकदम सोडा. चौपट वजनाचे शंकू निम्म्या वेळात खाली येतात का? वेगाचा वर्ग तुम्हाला तिथेच भेटेल.