तळ आधी, मासे नंतर

वसतिगृहातील पहिल्या काचेच्या टाकीत आम्ही पाणी भरले आणि त्याच दिवशी मासे सोडले. आठवडाभरात ते मेले. “त्यांचे नशीब,” असे एक विद्यार्थी म्हणाला. धम्म मात्र कारण शोधावयास सांगतो. म्हणून दुसरी टाकी कारणे समजून घेऊन मांडली.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व तितक्याच उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. तिला भक्कम, सपाट आधार हवा. थेट ऊन नको, अन्यथा शेवाळ माजते. तळाशी खत न घातलेली, चाळलेली माती २ सेंटिमीटर पसरावी. तीवर २ ते ३ मिलिमीटरची धुतलेली खडी ४ सेंटिमीटर घालावी. माती मुळांना अन्न पुरवते, खडी ती माती पाण्यात मिसळू देत नाही. लिंबाच्या रसाने फेसाळणारी खडी चुनखडीची असते. ती पाणी जड करते, म्हणून टाळावी. मग व्हॅलिसनेरियाची रोपे लावून पाणी बशीवरून हळूहळू ओतावे.

माशांच्या विष्ठेतून अमोनिया हे विष तयार होते. त्याचे आधी नायट्राइट व नंतर सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू खडीवर वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. माती व कुजक्या पानांतून सुटणाऱ्या अल्प अमोनियावर ते वाढू लागतात. पहिले मासे आमच्या घाईने मेले होते.

या वेळी मुले सहा आठवडे थांबली. मग तीनच गप्पी मासे सोडले. ते जगले. त्या टाकीपाशी नशिबाचे नाव आता कोणी घेत नाही.