संगणकभाषेची निवड : स्थिर प्रकार आणि गतिशील प्रकार

आज्ञावली लिहिण्याची विद्या नव्याने शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रथम हाच प्रश्न उभा राहतो : कोणत्या भाषेपासून आरंभ करावा? कोणी त्यास पायथॉन सुचवितो, कोणी जावा. या मतभेदाच्या मुळाशी भाषांचा एक महत्त्वाचा भेद आहे. तो नीट समजल्यास निवड सोपी होते; इतकेच नव्हे, तर आज्ञावली चांगली कशी लिहावी याचाही बोध होतो.

प्रकार म्हणजे काय?

संगणकाच्या स्मृतीत अंक, अक्षर, चित्र अथवा ध्वनी, सारे काही शून्य आणि एक या दोन चिन्हांच्या मालिकांनी साठविलेले असते. एखादी मालिका रक्कम दर्शविते की नाव, हे यंत्राला तिच्याकडे पाहून कळत नाही. मूल्याच्या या स्वरूपास ‘प्रकार’ म्हणतात. पूर्णांक हा एक प्रकार, अपूर्णांक हा दुसरा, अक्षरमाला हा तिसरा. कोणत्या प्रकारावर कोणती क्रिया करता येते, याचे नियम प्रत्येक भाषा ठरवून देते.

हे नियम पाळले गेले की नाही, याची तपासणी केव्हा व्हावी, एवढाच येथे वादाचा मुद्दा आहे. ‘स्टॅटिक’ म्हणजे स्थिर प्रकारांच्या भाषांत ती आज्ञावली चालू होण्यापूर्वी होते. आज्ञावलीचे यंत्रभाषेत अथवा मधल्या रूपात रूपांतर करणारा कंपायलर प्रत्येक ओळ तपासतो आणि नियमभंग आढळल्यास पुढे जाण्यास नकार देतो. जावा, सी आणि रस्ट या भाषा या वर्गातील होत. ‘डायनॅमिक’ म्हणजे गतिशील प्रकारांच्या भाषांत हीच तपासणी त्या त्या ओळीची पाळी येईल तेव्हा होते. पायथॉन, रूबी व जावास्क्रिप्ट या दुसऱ्या वर्गात मोडतात. गतिशील भाषेत प्रकारच नसतात, ही समजूत मात्र चुकीची आहे. पायथॉनमध्ये अक्षरमालेत अंक मिळवू पाहिल्यास ती भाषाही स्पष्ट नकार देते. फक्त तो नकार उशिरा मिळतो.

हे दोन्ही प्रवाह जुने आहेत. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली फोर्ट्रान ही भाषा 1957 साली उपलब्ध झाली. तिच्यात नावाचे पहिले अक्षर रोमन वर्णमालेतील ‘आय’पासून ‘एन’पर्यंतचे असल्यास, वेगळी सूचना नसताना, ते मूल्य पूर्णांक मानले जाई, आणि पूर्णांक 5 ला पूर्णांक 2 ने भागल्यास उत्तर अडीच न येता 2 येई. त्यानंतर लवकरच, 1958 च्या सुमारास, जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेचा पाया घातला. तिच्यात प्रकार नावाला न चिकटता मूल्याबरोबर वावरतो.

एक उदाहरण

एखाद्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचा हिशेब लिहावयाचा आहे असे समजू. सभासदाने दररोज 12 लिटर दूध घातले. तीन दिवसांचे दूध किती? पायथॉनमध्ये कळफलकावरून घेतलेले ‘12’ हे मूल्य अंक नसून अक्षरमाला असते. विद्यार्थ्याने त्याचे अंकात रूपांतर न करता त्यास 3 ने गुणल्यास उत्तर 36 न येता 121212 असे येते. पायथॉनमध्ये अक्षरमालेला गुणणे म्हणजे तिची पुनरावृत्ती करणे होय. म्हणून येथे दोषाची सूचनाही मिळत नाही. जावामध्ये असा गुणाकार लिहिल्यास कंपायलर तेथेच अडवितो.

याहून गंभीर प्रसंग पाहा. दिवाळीच्या लाभांशाचा भाग वर्षातून एकदाच चालतो. त्यात प्रकाराची चूक असली, तर गतिशील भाषेत ती वर्षभर दडून राहू शकते आणि सभासद पैसे घेण्यासाठी रांगेत उभे असताना प्रकट होते. मोठ्या, दीर्घकाळ चालणाऱ्या आणि अनेकांनी मिळून लिहावयाच्या कामांत स्थिर भाषा पसंत केली जाते, याचे हे एक प्रमुख कारण होय.

उलट, एखाद्या विचाराची परीक्षा घेणे, मापनांच्या सारणीचा आलेख काढणे, एकदाच लागणारे छोटे काम उरकणे, अशा वेळी गतिशील भाषा सोयीची असते. तिच्यात लिहावे थोडे लागते आणि उत्तर तत्काळ दिसते.

तपासणीची मर्यादा

कंपायलरने संमती दिली म्हणजे आज्ञावली निर्दोष ठरली, असे मात्र नाही. 4 जून 1996 रोजी युरोपचे एरियान 5 हे अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात, सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली एडा या अत्यंत काटेकोर स्थिर भाषेत लिहिलेली होती. एरियान 4 साठी तयार केलेला भाग तसाच वापरला गेला. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक असल्यामुळे 64 बिटांची एक संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात, म्हणजे 32767 या कमाल मर्यादेत, मावली नाही. प्रकार योग्य होते. मूल्याविषयीचे गृहीत मात्र चुकले होते. 1999 साली मंगळाच्या कक्षेत जाऊ पाहणारे अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान गमावले, तेही आज्ञावलीच्या एका भागाने पौंड-सेकंदांत दिलेले आकडे दुसऱ्या भागाने न्यूटन-सेकंद मानल्यामुळे. एकक निराळे असले तरी दोन्ही आकडे केवळ अंकच होते.

अलीकडे हे दोन प्रवाह जवळ येत आहेत. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या टाइपस्क्रिप्टने जावास्क्रिप्टला आगाऊ तपासणीची जोड दिली. 2015 पासून पायथॉनमध्येही प्रकारांची नोंद प्रमाणित पद्धतीने करता येते. मात्र तिची तपासणी निराळ्या साधनाने करावी लागते.

विद्यार्थ्याने काय करावे?

प्रथम, कोणतीही एक भाषा निवडून तिच्यात काही महिने सातत्याने काम करावे. दर आठवड्यास भाषा बदलणाऱ्याच्या पदरी केवळ व्याकरण पडते. दुसरे, प्रत्येक नाव कोणत्या प्रकारचे मूल्य धारण करते, त्याचे एकक काय आणि त्याची मर्यादा किती, हे लिहिण्यापूर्वी स्वतःस विचारावे. तिसरे, आज्ञावलीचा प्रत्येक छोटा भाग ज्याचे उत्तर हाताने काढता येते अशा उदाहरणाने पडताळावा. शून्य, ऋण संख्या आणि रिकामी नोंद यांची परीक्षा विसरू नये. चौथे, दोषाची सूचना आल्यास घाबरून अंदाजाने बदल करू नयेत. ती शब्दशः वाचून कारण शोधावे. शेवटी, पहिली भाषा आत्मसात झाल्यावर दुसऱ्या वर्गातील एक भाषा अवश्य शिकावी. पायथॉनने आरंभ करणाऱ्यास जावा शिस्त शिकवील. जावाने आरंभ करणाऱ्यास पायथॉन संक्षेप शिकवील.

चूक केव्हा उघडकीस यावी, हे भाषा ठरविते; परंतु चूक होऊ नये म्हणून करावयाचा विचार कोणतीही भाषा आपल्यासाठी करीत नाही. तो विचार करण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याला दोन्ही वर्गांतील भाषा सारख्याच उपयोगी पडतात.